बारा तास उकळूनही सूप का थिजलं नाही

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चुकत असेल तर तुम्हाला सांगता येईल. सासूबाईंचा गुडघा बदलून तीन आठवडे झालेत. हाडांचं सूप द्या, कॅल्शियम भरून निघेल, असं कुणीतरी सांगितलं. तुम्ही किलोभर नळ्या आणल्या, पाच लिटर पाण्यात व्हिनेगर घालून मंद गॅसवर बारा तास ठेवल्या. वर बोटभर चरबी आली, खाली पिवळट पाणी राहिलं, फ्रीजमध्ये ठेवूनही ते थिजलं नाही. दुसऱ्या खेपेला रात्री गॅस बंद करून पातेलं झाकून ओट्यावरच ठेवलं, तर सकाळी आंबूस वास आला. आता तुम्ही विचारताय, अजून किती तास उकळू?

तास वाढवून काही होणार नाही. तुम्ही आणलेली हाडं त्या कामाची नव्हती, पाणी दुपटीहून जास्त होतं, आणि सूप नासलं ते नंतरच्या रात्रीत, ओट्यावर. या तिन्ही गोष्टी सुधारता येतात. चौथी गोष्ट म्हणजे या सुपाकडून तुम्ही ज्याची आशा धरली आहे ते कॅल्शियम. त्याबद्दल शेवटी स्पष्ट लिहिते, कारण सासूबाईंच्या तब्येतीच्या दृष्टीनं तेच महत्त्वाचं आहे.

सोलापुरात माझी मटणाची खानावळ आहे, सव्वीस वर्षं झाली. सकाळी पहिलं पातेलं चढतं ते अळणीचं. आपल्याकडे अळणी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. मटण हळद, आलं-लसूण आणि जेमतेम मिठात शिजवायचं, आणि मसाला पडायच्या आधी वरचं पाणी काढून ठेवायचं. लहान पोरांना, बाळंतिणीला, तापातून उठलेल्याला तेच देतात. तुम्ही जे करू बघताय ते या अळणीचंच जास्त शिजवलेलं, जास्त दाट रूप आहे. फरक एवढाच की अळणीत मटणाचा अर्क उतरतो आणि हाडांच्या सुपात सांध्यांचा नि कातडीचा चिकटपणा. हा चिकटपणा कुठून येतो ते एकदा कळलं की बाकीचं आपोआप जमतं.

प्राण्याच्या अंगात जिथं ओढाताण जास्त, तिथं एक चिवट पदार्थ असतो, त्याला कोलॅजन म्हणतात. तो असतो सांध्यांच्या कुर्चेत, शिरांत, स्नायूबंधात, कातडीत. पाण्यात बराच वेळ गरम राहिला की तो सुटतो आणि त्याचं जिलेटिन होतं. सूप गार झाल्यावर थिजतं ते या जिलेटिनमुळं. आता नळी डोळ्यांसमोर आणा. मधला भाग म्हणजे टणक हाड आणि आत मगज. मगज जवळजवळ सगळा चरबीचा. तुम्हाला वर बोटभर तवंग मिळाला तो त्याचाच. नळीच्या टोकांना सांधा असतो खरा, पण खाटीक बऱ्याचदा मधले तुकडेच देतो, कारण गिऱ्हाईक मगजासाठीच नळी मागतं. त्यात त्यांची चूक नाही, तुम्ही मागितलं तेच त्यांनी दिलं.

म्हणून पुढच्या वेळी मागणी बदला. चार पाये घ्या. ते भाजून, खरवडून, खुरं काढून, प्रत्येकाचे दोन-तीन तुकडे करून द्या म्हणून सांगा. सोबत अर्धा किलो सांध्याची हाडं आणि मानेचे तुकडे घ्या. नळी हवीच असेल तर एक पुरे, चवीपुरती. रविवारी सकाळी जाऊ नका, त्या गर्दीत पाये नीट साफ करून मिळत नाहीत. मंगळवारी किंवा बुधवारी गेलात तर दुकानदार निवांत असतो, केस राहिलेत का तेही तुमच्यासमोर बघतो. मटणाचं बजेट बसत नसेल तर कोंबडीचे पंजे आणा. चिकनच्या दुकानात ते अगदी स्वस्तात मिळतात आणि चिकटपणात पायाच्या तोडीचे असतात. फक्त पंजांवरची पिवळी साल निघालेली हवी आणि नखांची टोकं छाटलेली हवीत.

जनावराच्या वयानं फरक पडतो, हे मी आधीच कबूल करते. आपल्या भागात उस्मानाबादी शेळी जास्त दिसते. कोवळ्या बोकडाचे पाये लवकर शिजतात. वय झालेल्या जनावराचे वेळ खातात, पण त्यांची चव खोल असते. त्यामुळं मी खाली जे तास देते ते घड्याळ लावून पाळू नका. हाताला काय लागतं ते बघा.

आता साफसफाई. पाये दुकानातून भाजून आणले तरी घरी गॅसच्या जाळावर एकदा फिरवून घ्या, बोटांच्या बेचक्यात केस राहतातच. मग सुरीनं खरवडा, हळद आणि मूठभर ज्वारीचं पीठ चोळा, दहा मिनिटांनी धुवा. पीठ मळ ओढून घेतं. यानंतर सगळी हाडं गार पाण्यात घालून उकळी आणा, पाच-सात मिनिटं खळखळू द्या आणि ते पाणी ओतून टाका. हाडं पुन्हा नळाखाली धुवा. ‘सत्त्व निघून जाईल’ म्हणून बायका हे पाणी टाकत नाहीत. पण पाच मिनिटांत कोलॅजन सुटत नाही. निघतं ते रक्त आणि मळी. तुमच्या सुपाला जो उग्र वास येत होता असं तुम्ही लिहिलंय, तो बहुतेक याच मळीचा.

पाण्याचं माप साधं आहे. हाडं भांड्यात बसवल्यावर वर दोन बोटं पाणी. किलोभर हाडांना दीड ते दोन लिटर पुष्कळ झालं. तुम्ही पाच लिटर घातलंत. त्यात पाये असते तरी सूप धड थिजलं नसतं, कारण जिलेटिन तेवढंच आणि पाणी अडीचपट. पाणी प्यायचंच वापरा. बोअरचं जड पाणी उकळून आटलं की त्यातले क्षार दाट होतात आणि सुपाला मचूळ चव येते. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तरी अळणीसाठी पिण्याच्या पाण्याची एक कळशी मी कायम वेगळी ठेवते.

कुकर की पातेलं? घरच्यासाठी मी कुकरच सांगेन. उघड्या पातेल्यात पाणी शंभर अंशांच्या पुढं जात नाही. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच, त्यामुळं आपल्याकडे ते शंभराच्याही थोडं खालीच उकळतं. कुकरमध्ये दाबामुळं पाणी १२० अंशांच्या आसपास जातं आणि जे काम पातेल्यात सहा-सात तास घेईल ते दीड तासात होतं. गॅस वाचतो तो वेगळाच. मळी काढलेली हाडं कुकरमध्ये घाला. भांडं दोन तृतीयांशाच्या वर भरू नका, नाहीतर फेस आणि कातडीचे तुकडे शिट्टीच्या भोकात अडकतात. पहिली शिट्टी झाली की गॅस अगदी बारीक करा, इतका की शिट्टी पुन्हा सहसा होऊ नये. एक ते दीड तास. मग गॅस बंद करून वाफ आपोआप जिरू द्या. घाईनं शिट्टी उचलली तर आतलं पाणी एकदम उसळतं, चरबी आणि पाणी घुसळून निघतं आणि सूप गढूळ होतं.

पातेल्यातच करायचं असेल तर बोकडाच्या पायांना पाच ते सात तास धरा, पंजांना दोन-अडीच तास. उकळी अशी हवी की तळातून मधूनच एखादा बुडबुडा यावा. जास्त उकळलं की जास्त ताकद उतरते हा समज तुमच्या बारा तासांमागं आहे, म्हणून सांगते. जिलेटिन एकदा सुटल्यावर तासन्‌तास गरम राहिलं तर तेच तुटत जातं आणि त्याची थिजण्याची शक्ती कमी होते. माझ्याकडे नवीन आलेल्या आचाऱ्यांनाही हे पटायला वेळ लागतो. पायाची कातडी चमच्यानं सहज तुटली, सांधा हातात आल्यावर सुटला, की काम झालं. त्यापुढचा गॅस वाया.

मसाल्याबद्दल थोडक्यात. चिमूटभर हळद, ठेचलेलं आलं, सालासकट लसणाच्या सात-आठ पाकळ्या, एक अर्धा कापलेला कांदा, दहा-बारा मिरे, कोथिंबिरीचे देठ. एवढंच. काळा मसाला, येसूर यांतलं काही सुरुवातीला घालू नका. इतका वेळ शिजून ते कडवट होतं. मीठ अगदी शेवटी, वाटीत. सूप आटतं, मीठ आटत नाही. सासूबाईंना रक्तदाबाची गोळी चालू असेल तर हे जास्तच पाळा.

व्हिनेगर नको. हाडातलं कॅल्शियम बाहेर ओढायला आंबट घालतात. सूप पिण्याजोगं राहील एवढ्या आंबटानं फार काही निघत नाही, आणि तासन्‌तास शिजून त्याचा वास मात्र पक्का बसतो. आंबटाची जागा शेवटी आहे. सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या काही तेलुगू घरांत पायाच्या रश्शात चिंचेचा कोळ घालतात, तोही पाये शिजल्यावर. चिकट रश्शाला आंबटानं जी उघडीक येते ती त्यामुळंच. आपण वाटीत लिंबू पिळतो, काम तेच.

सूप जमलं की नाही, हे फ्रीजशिवाय कळायची खूण सांगते. गाळलेलं सूप कोमट झालं की एक थेंब अंगठा आणि बोटात धरा, दाबा आणि बोटं हळूच सोडा. बोटं चिकटली पाहिजेत. प्याल्यावर ओठ एकमेकांना धरायला लागले की समजा पाये नीट उतरले. थिजलेलं बघायचंच असेल तर फ्रीजमध्येच बघा. जिलेटिन तीस-पस्तीस अंशांच्या आसपास वितळतं. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यात घरातलंच तापमान त्याच्या वर असतं. उत्तम सूपही तेव्हा ओट्यावर पाण्यासारखं दिसणार. पुण्यात थंडीत राहणाऱ्या नातेवाइकांनी ‘आमचं तर पातेल्यातच थिजलं’ असं सांगितलं तर मनाला लावून घेऊ नका.

आता नासण्याचं. यावर मी जरा जास्त लिहिते, कारण सूप न थिजण्यात नुकसान नाही, नासलेलं सूप आजारी माणसाच्या पोटात जाण्यात आहे.

आमच्या खानावळीच्या दुसऱ्याच उन्हाळ्यात मी हीच चूक केली होती. मे महिना, रात्रीचं पंधरा लिटर अळणी उरलेलं. खळखळून उकळलेलं आहे, झाकण घट्ट आहे, काय होणार, असं म्हणून तसंच ठेवलं. सकाळी झाकण काढलं तर कडेला बारीक फेस आणि नाकात जाणारा वास. सगळं ओतून द्यावं लागलं. तेव्हापासून माझ्याकडे एक नियम आहे: गॅस बंद झाल्यापासून तासाभरात अळणी एकतर पानात, नाहीतर गार पाण्यात.

कारण असं. उकळल्यानं बहुतेक जंतू मरतात, पण काहींचे बीजाणू उकळीतही टिकतात. सूप कडकडीत आहे तोवर ते गप्प असतात. ते कोमट झालं, म्हणजे साठ अंशांच्या खाली आलं, की जागे होतात आणि भराभर वाढतात. मोठं पातेलं, वर झाकण, वर चरबीचा थर, आणि बाहेर चाळीस अंश. अशा पातेल्याला गार व्हायला अख्खी रात्र लागते. ती अख्खी रात्र तुम्ही जंतूंना दिली. पुन्हा उकळून चालेल का, असंही तुम्ही विचारलंय. नाही. जंतूंनी सोडलेलं काही विष उकळीनंही जात नाही. वास आला की फेकायचं, मायेनं ठेवायचं नाही.

करायचं असं. सूप लगेच गाळा. मोठ्या पातेल्याऐवजी चार-पाच छोट्या, पसरट स्टीलच्या डब्यांत ओता. परातीत गार पाणी घेऊन त्यात डबे ठेवा, असेल तर बर्फाचा एक ट्रे पाण्यात टाका, मधूनमधून सूप ढवळा. झाकण लावू नका, पातळ मलमल टाका. पंधरा-वीस मिनिटांत डबा हाताला गार लागतो. मग फ्रीजमध्ये. कडकडीत पातेलं तसंच फ्रीजमध्ये घालू नका, त्यानं आतलं दूध-भाजीसुद्धा गरम होतं. फ्रीजमध्ये तीन दिवस, फ्रीजरमध्ये दोन-तीन महिने चालेल. वीज बराच वेळ गेली असेल तर हा हिशोब धरू नका. देताना एका वेळची वाटीच काढा आणि खळखळून उकळा. एकच डबा दिवसातून तीनदा गरम-गार करू नका.

वरची चरबी थिजली की चमच्यानं उचलून घ्या. टाकू नका, भाजीच्या किंवा आमटीच्या फोडणीला छान लागते. सासूबाईंच्या वाटीत मात्र ती नको. हालचाल कमी असताना जड चरबीनं पोट बिघडतं आणि भूक मरते.

आणि आता कॅल्शियम. हाडातलं कॅल्शियम खनिजाच्या रूपात घट्ट बसलेलं असतं, ते पाण्यात फारसं विरघळत नाही. शिजून मऊ झालेलं हाड तुम्ही सुपातून काढून टाकता, कॅल्शियम त्या हाडातच राहिलेलं असतं. सुपाच्या वाटीपेक्षा पेलाभर दुधात ते कितीतरी जास्त असतं. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमच्या वर असतं, तिळात त्याहूनही बरंच जास्त. तेव्हा कॅल्शियमसाठी दूध, दही, नाचणीची आंबील, भाकरीवर तिळाची चटणी. डॉक्टरांनी कॅल्शियमच्या किंवा ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या असतील तर सूप सुरू आहे म्हणून त्या बंद करू नका. हे मी मुद्दाम लिहिते, कारण असं करणारी माणसं मी पाहिली आहेत.

दुसरं, ‘सांध्याची हाडं खाल्ली की सांध्याला लागतात’ हा विचार ऐकायला सरळ वाटतो. पण जिलेटिन पोटात गेल्यावर इतर प्रथिनांसारखंच पचून बारीक होतं. ते उचलून गुडघ्यातच जाईल असं नसतं. सासूबाईंच्या गुडघ्याचे झिजलेले पृष्ठभाग तर काढून तिथं धातू आणि प्लास्टिक बसवलंय. तिथं कुर्चा भरून यायचा प्रश्नच नाही. आता भरून यायचीय ती जखम आणि मांडीच्या स्नायूंची ताकद. त्याला लागतं पुरेसं प्रथिन आणि शिकवलेला व्यायाम. जिलेटिन हे प्रथिन असलं तरी अपुरं आहे, शरीराला लागणारं ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाचा एक घटक, त्यात नसतंच. म्हणून नुसत्या सुपावर ठेवू नका. सोबत एक अंडं द्या, त्यात सुमारे ६ ग्रॅम पूर्ण प्रथिन असतं. किंवा मऊ शिजलेलं मटण, डाळ, उसळ, जे त्यांना रुचेल ते.

मग सूप करायचंच कशाला, असं तुम्हाला वाटेल. करा, जरूर करा. ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांची जी तक्रार मी वर्षानुवर्षं ऐकते ती एकच: तोंडाला चव नाही. आमच्याकडे डबा न्यायला येणारी लेकरं हेच सांगतात, आई दोन घासांवर ताट सरकवते. गरम, मिरीचं, लिंबू पिळलेलं सूप अशा माणसाच्या घशाखाली उतरतं. त्यासोबत पाणी जातं, थोडं प्रथिन जातं. आणि त्यात ज्वारीची भाकरी कुस्करली की जेवणच जातं. भाकरी मऊच असू द्या. आपली कडक भाकरी या दिवसांत त्यांच्या दातांना नको.

दोन बाबतींत आधी डॉक्टरांना विचारा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर किती प्रथिन, किती मीठ, किती पाणी हे तेच ठरवतील. आणि युरिक ॲसिड वाढलेलं असेल, गाऊटचा त्रास होऊन गेला असेल, तर मटणाचा असा दाट अर्क त्रास वाढवू शकतो. बाकी कुणाला दिवसातून एक-दोन वाट्यांनी अडचण यायचं कारण नाही.

पहिल्यांदा सगळं एकदम करू नका. बुधवारी चार पाये आणि अर्धा किलो सांधे आणा, कुकरला लावा, दोनच लिटर करा. चार डबे होतील. दोन फ्रीजमध्ये, दोन फ्रीजरमध्ये. पायावरची मऊ कातडी आणि सांध्याचं मांस सोडवून वाटीतच घाला, ते गाळून टाकू नका. पहिल्या वाटीला मीठ कमीच ठेवा आणि लिंबाची फोड बाजूला द्या. सासूबाईंना स्वतःच्या हातानं पिळू दे.